पाहुण्यांचं पाणी

मीटरनं अडतीस दाखवले तेव्हा सत्यभामाला आधी वाटलं, मीटरच गेला. तिनं कांडी बाहेर काढली, धुतली, टिपकागदानं टिपली, पुन्हा बुडवली. अडतीस. शेजारच्या बाटलीत बुडवली. ती घाटाकडच्या एका गावची, तिचे सहाशे बारा आले. म्हणजे मीटर शाबूत होता. परत खडकवस्तीची बाटली. अडतीस. बाटलीवरच्या चिठ्ठीत ती आणून देणाऱ्या आसारामचं अक्षर, दुसरीतल्या पोरानं पाटीवर गिरवावं तसं: ‘खडकवस्ती, सार्वजनिक बोअर.’ काळ्या पाषाणातून दोनशे-तीनशे फूट झिरपत खाली गेलेलं पाणी येताना दगडाचं मीठ घेऊन येतं. लिटरमागं अडतीस मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी जमिनीतून येत नाही, बीड जिल्ह्याच्या जमिनीतून तर नाहीच नाही. असं पाणी फक्त आभाळातून पडतं, आणि आभाळातून या मुलखात तिसरं वर्ष चाललं होतं, नाव घ्यावं असं काही पडलं नव्हतं.

अंबाजोगाईच्या त्या सरकारी प्रयोगशाळेत साडेदहा वाजताच पत्रा तापायला लागायचा. सत्यभामाची छाती भरून आली होती. सकाळी आठला लेकीला पाजून, सासूच्या, चंद्रभागाबाईंच्या मांडीवर देऊन ती निघाली होती, आणि निघताना सात महिन्यांच्या त्या मुठीनं मंगळसूत्र असं काही धरून ठेवलं होतं, की एकेक बोट सोडवताना तिला वाटलं होतं, आपण कुलूप मोडतोय. आता दुधाचा भार दोन्हीकडून ठणकत होता आणि समोर अडतीस. ती त्या आकड्याकडं बघत बसली. काही आकडे बघून माणसाला शरम वाटते, आकड्याची नाही, त्याच्याकडं इतकी वर्षं न बघितल्याची. पण हे तिला अजून नीट कळलं नव्हतं.

टेबलावर फाईल पडली होती, जाड, निळ्या पुठ्ठ्याची, सोनेरी अक्षरांची. सहकारी साखर कारखान्याला आपली दारूची भट्टी तिप्पट करायची होती; फाईलीत तिला आसवनी म्हटलं होतं, आणि आसवनी म्हटलं की दारूचा वास जातो असा काहींचा समज असतो. ऊस नव्हता. वाळलेल्या उसाचे फड गुरांच्या छावण्यांनी उचलून नेले होते, चिमणीतून दोन हंगाम धूर निघाला नव्हता. पण मळी बाहेरून येणार होती, स्पिरिट बाहेर जाणार होतं आणि मधलं जे काळं, आंबलेलं पाणी उरणार होतं तेवढं मात्र इथंच राहणार होतं. नियम साधा होता. प्रकल्पाच्या पाच किलोमीटरच्या आत पिण्याच्या पाण्याचा एखादा स्रोत आधीच नासलेला असेल तर तो दुरुस्त होईपर्यंत वाढीला परवानगी नाही. म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्रयोगशाळेकडून पत्र मागवलं होतं: यंदाचा निकाल, आणि मागच्या पाच वर्षांचे. उद्या बैठक. पत्र आज पाचच्या आत जायचं. कारखान्याच्या कुंपणाला सगळ्यात जवळ होती ती खडकवस्ती.

फाईलीतलं मराठी वाचून तिच्या दातांखाली खडा आल्यासारखं व्हायचं. ‘प्रकल्प परिसरातील जलस्रोत नैसर्गिकरीत्या सुरक्षित असल्याचे शासकीय तपासणीत वारंवार सिद्ध झालेले आहे.’ वारंवार. शासकीय तपासणी म्हणजे ती. ती, तिची ही करकरणारी खुर्ची, हा मीटर आणि भिंतीवरची पाल. असलं वाक्य लिहिणारा माणूस कसा दिसत असेल? त्यानं कधी पाणी भरलं असेल का? घागर उचलताना कंबर कुठं दुखते हे त्याला माहीत असेल का? तिला माहीत होतं. पाटोद्याच्या बाजूच्या तिच्या गावात ती आठवीपर्यंत शाळेच्या आधी दोन खेपा करायची आणि मग वर्गात ओल्या खांद्यानं बसून पाण्याचं रासायनिक सूत्र पाठ करायची. पुढं त्या सूत्राचीच नोकरी लागली तेव्हा बापानं गावभर पेढे वाटले होते. पोरगी पाण्याची साहेब झाली.

ती बाटली घेऊन आत गेली. प्रयोगशाळेचे प्रमुख भगवानराव, निवृत्तीला आठ महिने राहिलेले, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत होते.

“साहेब, खडकवस्तीचा अडतीस येतोय.”

“मग चांगलंय की. पाचशेच्या आत पाहिजे. अडतीस म्हणजे लईच आत.”

“बोअरचं पाणी अडतीसचं नसतं, साहेब.”

“दुष्काळाय. पाणी खोल गेलं. खोलचं पाणी निर्मळ असतं.”

उलट असतं. पाणी जितकं खोल तितकं खारट, हे त्यांना तिच्याहून आधी माहीत होतं. एमएस्सीला त्यांचा विद्यापीठात दुसरा नंबर होता आणि ते दर दिवाळीला तसं सांगत. रसायनशास्त्र त्यांना येत होतं, हेच वाईट होतं. न येणाऱ्याची कीव तरी करता येते. येत असून न येणाऱ्यासारखं बसलेल्या माणसाकडं बघताना तिच्या मनात जे यायचं त्याला किळस म्हणावं तर ते जरा मोठं होत होतं, आणि राग म्हणावं तर राग यायला समोरचा माणूस काहीतरी आहे असं वाटावं लागतं.

“मी पुन्हा नमुना घेऊन येते.”

“सत्यभामाबाई,” भगवानरावांनी पेन कानावर ठेवलं. “त्यांनी कागद मागितलाय. कागद द्यायचा. पाणी कुणी मागितलेलं नाही.” मग तिच्या ओढलेल्या पदराकडं बघून, दयाळूपणानं, “आणि तुमचा तो कार्यक्रम पण असतो ना दुपारी, बाळाचा? जा की लवकर घरी. सही करा आन् जा.”

लेकीला पाजायला जाणं म्हणजे कार्यक्रम. बाहेर येऊन तिनं कपाटातल्या जुन्या नोंदवह्या काढल्या. खडकवस्ती: चारशे दहा. चारशे छत्तीस. चारशे दोन. चारशे अठ्ठावीस. चारशे एकोणीस. पाच वर्षं, पाच ओळी, पाचही वेळा ‘पिण्यास योग्य’, पाचही वेळा तिची सही, ‘स’ला उगाच दिलेला झोकदार पाय. दरवर्षी गावाला हिरवं कार्ड. हे आकडे तिला आवडायचे, ते इतके शहाण्या मुलांसारखे एका रांगेत उभे राहायचे. आज ते तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होते. कारखान्याच्या कुंपणाला लागून, मळीच्या तळ्याच्या उताराला असलेली वस्ती. आणि पाणी चारशे दहा?

आसाराम बाहेर पायरीवर पोचपावतीची वाट बघत बसला होता. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक; पाण्यात औषध टाकायचं आणि वर्षातून एकदा नमुना आणून द्यायचा, एवढं त्याचं काम. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. पावती मिळाल्याशिवाय तो कधी जात नसे. पावत्यांची तार त्याच्या घरी खुंटीला टांगलेली असते असं तो अभिमानानं सांगायचा.

“आसारामभाऊ, हे पाणी कुठलं?”

“खडकवस्तीचं.”

“बोअरचं?”

“बोअरच्या नावचं.” मग तिच्या तोंडाकडं बघून त्यानं मान खाली घातली. “जारचं हाय, ताई. सकाळी थंडगार व्हतं. आता कोमट झालं आसंल.”

“जारचं कावून आणलं?” तिच्या तोंडून गावाकडचा शब्द निघून गेला.

“मग काय बोअरचं आणू? ते काय तुमच्याफुडं ठिवायजोगं हाय? च्यासारखं दिसतंय. नासक्या गुळाचा वास मारतंय.” त्याला खरंच वाईट वाटलं होतं. “दरसाल माळावरल्या हिरीचं आणायचो. लई ग्वाड पानी. आवंदा हीर आटली. म्हनलं ताईच्या टेबलावर वंगाळ पानी कसं न्यावं? बायनामायनं पावन्यासाठी ठिवलेला जार हुता, त्यातलं मागून आणलं. आन् पास बी व्हायला पायजे ना. लाल कार्ड आलं की सरपंच चारचौघांत म्हनतो, आसारामनं गाव नापास केलं.”

ती पायरीवरच, त्याच्याशेजारी बसली. लाच नाही, दमदाटी नाही, कारखान्याचा कुणी माणूस कधी आला नाही. येण्याची गरजच पडली नव्हती. पाहुण्यापुढं ठेवतात तसं चांगलं पाणी या माणसानं पाच वर्षं तिच्यापुढं ठेवलं होतं आणि पाच वर्षं तिनं ते पिऊन सही केली होती. या जलसुरक्षकांना प्रशिक्षण कुणी दिलं होतं? तिनंच. पडद्यावर चित्रं लावून. बाटली तीनदा विसळा, झाकणाला आतून हात लावू नका, नळ दोन मिनिटं वाहू द्या. सगळं सांगितलं, वाईट पाणी आणा, जे तुम्ही दुसऱ्याला दाखवत नाही तेच आणा, एवढं सांगायचं राहिलं. नियमात होतं, नमुना प्रयोगशाळेच्या देखरेखीखाली घ्यायचा. गाडीला डिझेल नसायचं. ती एकदाही गेली नव्हती. आणि मागच्याच वर्षी तिनं आसारामला उत्कृष्ट जलसुरक्षक म्हणून प्रमाणपत्र दिलं होतं, टाळ्या वाजल्या होत्या. ते प्रमाणपत्र कारखान्याच्या सभागृहात दिलं होतं, हेही आता आठवलं. अध्यक्ष मोहनराव व्यासपीठावर, समोर पाण्याच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर मोहनरावांचा हात जोडलेला फोटो. “म्याडम, हे सहकाराचं पानी. समद्यांचं,” असं म्हणून त्यांनी त्यातल्याच एका बाटलीनं पान खाल्लेलं तोंड खळखळून धुतलं होतं आणि कुंडीत थुंकले होते. जारचा, यंत्रातून पाण्याचं मीठ काढून घेणारा प्लँट त्यांच्याच पुतण्याचा. खालची बोअर नासली, की लोक जार घेतात. म्हणजे आज सकाळी तिच्या मीटरनं ज्या पाण्याला इतकं निर्मळ म्हटलं ते मोहनरावांच्याच घरचं होतं. तिला हसू आलं. ते हसू आसारामला आवडलं नाही.

“चला, मला बोअर दाखवा.”

“आता? ताई, दुपारचं ऊन...”

“आता.”

त्याच्या मोटारसायकलवर मागं, एका हातात बाटल्यांची पेटी आणि दुसऱ्या हातानं पदर डोक्यावर धरून ती निघाली तेव्हा साडेबारा झाले होते. रस्त्यानं टँकरमागं टँकर, गळणारे. टँकरच्या थेंबांची ओली रेघ डांबरावर उमटायची आणि बघता बघता पुसून जायची. टँकरवर फलक, फलकावर हात जोडलेला फोटो. बसथांब्यावर तोच फोटो, छावणीच्या कमानीवर तोच. दुष्काळानं सगळं वाळवलं, हे फोटो तेवढे टवटवीत राहिले. प्रत्येक खड्ड्याला छातीतून कळ निघायची. घरी लेक आता जागी झाली असेल. चंद्रभागाबाई तिला पेज भरवत असतील, जारच्या पाण्यात शिजवलेली. हो, तिच्याही घरी जारच. पाण्याच्या साहेबाच्या घरी पाणी विकतचं, आणि कार्यालयात बसून ती दुसऱ्यांच्या पाण्याला योग्य म्हणायची. हे तिनं आजवर कधी शेजारी-शेजारी ठेवून बघितलं नव्हतं. मन किती सोयीनं खोल्या पाडतं. एका खोलीत बाळाची वाटी-चमचा उकळायचा, दुसऱ्या खोलीत शिक्का मारायचा, आणि मधलं दार लावून घ्यायचं.

वास आधी आला. उताराला काळं तळं, काठावर फेस सुकून भाकरीच्या पापुद्र्यासारखा उललेला, आणि त्याच्या खाली शंभर पावलांवर वस्ती. माणसं आठच दिवसांपूर्वी ऊसतोडीवरून परतली होती. पश्चिमेकडच्या कारखान्यांवर सहा महिने राहून आलेली गाठोडी अजून काही अंगणांत तशीच होती. बायनाबाई बाजेवर बसून तांदूळ निवडत होत्या. साठीच्या, हातांवर पाचटाचे जुने ओरखडे. पाव्हणी बाई आली म्हटल्यावर त्या लगबगीनं उठल्या, आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या, लखलखीत घासलेला, वर फुलपात्र.

“घ्या ताई, थंड हाय. जारचं हाय.”

तिला तहान लागली होती, अंगावर पाजणारीला लागते तशी, घसा चिरणारी. तिनं घटाघटा प्यायलं. पिताना तिला तो अडतीस दिसत होता. “मावशी, मला बोअरचं भरून न्यायचंय.”

बायनाबाईंचा चेहरा बदलला. त्यांनी आसारामकडं बघितलं. “ह्यानं सकाळी नेलं की.”

“ते जारचं नेलं. मला तुमचं पाहिजे.”

“आमचं कशाला? ते भांड्याला, जनावराला. टँकर चुकला तरच प्यायचं.”

“किती वेळा चुकतो?”

त्यांनी रिकामं फुलपात्र उचलून तांब्यावर पालथं घातलं. बोअरच्या टाकीचा नळ अंगणाच्या टोकाला होता. सत्यभामानं चकली फिरवली. पाणी आधी खाकरलं, मग आलं, तांबूस, बिनदुधाच्या चहासारखं, वर बारीक फेस, आणि तो वास, आंबलेल्या गुळाचा, ज्यात आणखी काहीतरी मेलेलं होतं. तिनं बाटलीचं झाकण उघडलं तशा बायनाबाई नळाच्या आड येऊन उभ्या राहिल्या. भांडायला नाही, दारातलं खरकटं झाकायला उभं राहावं तशा.

“नगा भरू, ताई. तुमच्या हाफिसात नेऊन समद्यांना दावणार. कागदावर वस्तीचं नाव लिवणार?”

“लिहावं लागेल, मावशी.”

“आन् मग वस्तीवर लेक कोन देईल? आखितीच्या सुमाराला पावनं येणार हायत, थोरल्या नातवाला बघाय. तीन जागी मोडलंय. कावून मोडलं ते त्वांडानं कुनी सांगत न्हाई, पर त्वांड धुवाय पानी दिलं की पावनं वास घेत्यात आन् एकमेकाकडं बघत्यात. म्हनून तर जार आणून ठिवलाय. तुमी कागदच काढला तर झाकायचं काय ऱ्हाईलं?”

“आगं बायनामाय,” आसाराम म्हणाला, “सरकारी मानूस हाय, भरू दे.”

“तू गप बस बे. पाच साल तूच झाकलंस ना? आन् आता हिला घिऊन आलास व्हय?”

नियम सांगावा? फाईल सांगावी? आसवनी तिप्पट होईल, हे तळं तिप्पट होईल? तिच्या सगळ्या शब्दांना कार्यालयाचा वास येत होता, आणि तो या पाण्याच्या वासाहून बरा होता असं नाही. तेवढ्यात घरातून बाळ रडलं. बायनाबाईंच्या धाकट्या सुनेचं, सहा-सात महिन्यांचं. सून ते कडेवर घेऊन दारात आली. त्याच्या कोपरांच्या बेचक्यांत, मानेच्या वळ्यांत लाल खवले उठले होते, आणि ते रडत रडत स्वतःलाच ओरबाडत होतं. “न्हाऊ घातलं की आसंच करतंय,” सून म्हणाली, बाळाच्या वतीनं माफी मागितल्यासारखं. ते रडणं कानांवर पडलं मात्र, सत्यभामाच्या छातीत टाचण्या टोचल्यासारखं झालं आणि दूध सुटलं. तिनं हात घट्ट दाबून धरले. उपयोग झाला नाही. अंगाला अक्कल नसते, ते आपलं लेकरू आणि दुसऱ्याचं लेकरू असं बघत नाही. ब्लाऊजवर दोन ओले गोल पसरत गेले, उन्हात, आसारामसमोर, त्या दुर्गंधी नळापाशी, आणि तिला वाटलं, इथंच जमीन फाटावी.

आसारामनं तोंड फिरवून मोटारसायकलची घंटी पुसायला घेतली. मोटारसायकलला घंटी नव्हती. बायनाबाईंनी पुढं होऊन आपला पदर तिच्या खांद्यांवरून ओढला.

“लेकराला सोडून आलीस व्हय गं?”

तिनं मान हलवली.

“केवढं हाय?”

“सात महिन्यांचं.”

“आन् ह्या नासक्या पान्यासाठी उन्हात हिंडतीस.” बायनाबाई तिच्याकडं बघत राहिल्या. नजरेत माया होती, आणि मायेखाली थोडी तुच्छताही, शहरातल्या शिकल्या बाईला एवढंही कळू नये म्हणून. मग त्यांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली. “दे इकडं.” त्यांनी स्वतः नळाखाली बाटली धरली, भरली, झाकण गच्च लावलं. “ने. पर लिवायचं तर समदं लिव. आर्धं लिवू नगंस. आर्ध्यानं नुस्तं नाव जातंय.”

ती परतली तेव्हा पावणेचार झाले होते. पेटीतल्या रजिस्टरवर, नमुना समोर भरल्याची साक्ष म्हणून, बायनाबाईंच्या अंगठ्याची निळी खूण होती. मीटरची कांडी बुडवली. तीन हजार एकशे चाळीस. पुन्हा बुडवली. तीन हजार एकशे चाळीस. रंग आहे. वास आहे. पिण्यास अयोग्य. हे शब्द सोपे होते. अवघड पुढचं होतं. मागच्या पाच वर्षांचे निकाल. ते खरे म्हणावेत तर वस्तीचं पाणी वर्षभरापूर्वीपर्यंत उत्तम होतं, आणि मग यंदाचा दोष दुष्काळावर ढकलता येतो. कारखान्याच्या वकिलाला तेवढं पुरलं असतं. खोटे म्हणावेत तर खोटं कुणी केलं? तिनं पेन उचललं, खाली ठेवलं. आसारामचं नाव लिहिणं किती सोपं होतं. त्याचं मानधन बंद झालं असतं, त्याच्या पावत्यांची तार कुणीतरी उकिरड्यावर फेकली असती, आणि ती पुन्हा सकाळी साडेदहाला याच खुर्चीत बसली असती. आर्धं लिवू नगंस. तिनं लिहिलं: ‘मागील पाचही नमुने प्रयोगशाळेच्या देखरेखीविना घेतले गेले. देखरेख करणे हे निम्नस्वाक्षरीकर्तीचे काम होते. ते तिने केले नाही. सबब ते निकाल ग्राह्य धरू नयेत.’ निम्नस्वाक्षरीकर्ती. काय शब्द आहे. माणूस त्याच्या आड आयुष्यभर लपू शकतं. आज तोच शब्द अंगावर लुगडं नसल्यासारखा उघडा पडला होता.

भगवानरावांनी पत्र वाचलं. चष्मा काढला. बाटली उचलून उजेडात धरली, झाकण उघडून हुंगली, आणि त्यांचं नाक क्षणभर एमएस्सीच्या वर्गातल्या पोराचं झालं. त्यांना ओळख पटली हे तिनं पाहिलं.

“चौकशी लागेल तुमची.”

“लागू द्या.”

“माझीपण लागेल. आठ महिने राहिलेत, बाई.” त्यांचा आवाज मऊ होता. “नमुने सांडतात. असं होतं. नमुना सांडला, पुनर्नमुना पावसाळ्यानंतर, एवढं लिहा. कुणाचं काही जात नाही.” आणि बोलता बोलताच ते बेसिनपाशी गेले, बाटली उपडी केली, तांबडं पाणी गुळगुळ करत गेलं. मग त्यांनी नळ सोडला, बेसिन धुतलं, हातांना साबण लावला, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. स्वच्छ माणूस. “नमुना नाही, म्हणजे आकडा नाही,” ते टॉवेलला हात पुशीत म्हणाले. “मीटर काय, काहीही दाखवतो.”

ती त्यांच्याकडं बघत उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखाद्या माणसाबद्दल काहीच वाटलं नाही. ती जागा पुसल्यासारखी कोरडी होती. साडेचार झाले होते. खडकवस्तीला पुन्हा जाऊन येईपर्यंत टपाल निघून जाणार होतं. ती बाहेर आली. पायरीवर आसाराम होता, अजून पावतीसाठी बसलेला.

“नापास का, ताई?”

तिनं झालं ते सांगितलं. तिला वाटलं होतं तो चिडेल, किंवा आतून सुटल्यासारखा दिसेल. त्यानं यातलं काहीच केलं नाही. तो उठला, मोटारसायकलच्या डिकीतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरलं. लॅबचीच बाटली, चिठ्ठी चिकटवलेली, काठोकाठ भरलेली, तांबूस.

“बायनामायनं दिली, निघताना. तुमच्या पेटीतलीच घेतली. म्हनली, दोन नेत जा रं. हाफिसातलं पानी सांडत आसतंय.”

सत्यभामानं बाटली घेतली. ती उन्हानं गरम झाली होती, ताप आलेल्या बाळाच्या कपाळासारखी. चिठ्ठीवर तेच अक्षर, प्रत्येक रेघ ओढून ताठ केलेली, आणि या वेळी एक शब्द जास्त होता: ‘खडकवस्ती, सार्वजनिक बोअर, खरं.’ ती आत गेली. भगवानरावांच्या टेबलावरून, शब्दकोड्याखालून, तिनं आपलं पत्र काढून घेतलं. ते काहीतरी म्हणाले. तिनं ऐकलं नाही. मीटर लावला. कांडी बुडवली. आकडा वर चढत गेला, अडतीसवर थांबला नाही, चारशे दहावर थांबला नाही, तीन हजार एकशे चाळीसवर जाऊन उभा राहिला. बाटलीला तिनं लाखेची मोहोर लावली आणि पत्राला जोडली. मग पोचपावत्यांचं बुक ओढलं, कारण बाहेर एक माणूस सकाळपासून ताटकळला होता, आणि सावकाश, दाबून, कार्बनच्या खाली दोन्ही प्रतींवर नीट उमटेल असं लिहिलं: खडकवस्ती. बोअरचे पाणी. दोन बाटल्या मिळाल्या. एक कार्यालयात सांडली.